रैनू फुल बॅक आणि दोन मिनिटांचं खोकं

खाणीवर कोळशाचा ढीग लागायचा, तो वॅगन आली की उचलला जायचा. आमच्या हॉकी टीमच्या किश्शांचा ढीग मात्र कोणी उचलून नेला नाही. तो तिथंच पडून आहे, आणि दरसाल वाढतो! टीममधले आम्ही चारदोन उरलो, ते भेटलो की जुन्या किश्शाला नवं शेपूट फुटतंच. म्हणून सुनेला म्हटलं, बाई, आणखी शेपटं फुटायच्या आधी मी सांगतो तसं लिहून घे. मी शाळा शिकलो नाही. शाळेत एकदाच गेलो, तेही ग्राउंडवर रेघा मारायला चुना मागायला.

मी किसन. सावलीकडचा, धानाच्या घरचा. चांदा तेव्हा चांदाच होतं, त्याचं चंद्रपूर व्हायचं होतं. माजरीच्या पलीकडे एक लहानशी खाण होती, आता तिथं बाभळी आहेत. त्या खाणीत मी खाली टेकू लावायच्या कामावर होतो. छत बसू नये म्हणून लाकडाचे खांब ठोकायचे, ते काम. वर आलो की मी टीमचा गोलकीपर.

माझ्या पुढे फुल बॅक रैनू मडावी. अहेरीकडच्या जंगलातला. मी सात वर्षं त्याच्या मागे उभा राहिलो. त्याच्या बायकोनं त्याचं तोंड पाहिलं नसेल तितकी मी त्याची पाठ पाहिली!

* * *

पण आधी बार्ट साहेब.

जमिनीत भोकं पाडून कोळसा कुठं लागतो ते पाहायला कॅनडातून एक इंजिनियर आला. पहिल्याच सायंकाळी ग्राउंडवर येऊन उभा राहिला आणि आमचा खेळ पाहून हसला. हसला तर समोरचे चार दात नाहीत!

आमच्यात इंग्रजी फक्त लोणारे बाबूंना यायची. ते हेडक्लर्क, आणि सायंकाळी आमचे अंपायर. त्यांना राहवलं नाही. विचारलं, "साहेब, वय तर जास्त दिसत नाई. दात कुठी गेले?"

साहेब म्हणाला, "हॉकी."

आम्ही सगळ्यांनी आपापल्या स्टिककडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मग कळलं की हा माणूस आपल्या मुलखात नऊ वर्षं हॉकी खेळत होता. तीही बर्फावर, आणि डिफेन्समध्ये. आणि खेळायचा पगार घ्यायचा! दुसरं कामच नाही. लोणारे बाबूंना हे काही केल्या पटेना. त्यांनी तीनदा विचारलं, "फक्त हॉकी?"

"फक्त हॉकी."

 बाबू अगदी काळजीनं म्हणाले, "मग ड्युटी सुटल्यावर काय खेळाचे?"

* * *

साहेबानं नऊ वर्षांत गोल किती केले, हेही आम्ही विचारलं. आम्हाला वाटलं, आता हा मोठा आकडा सांगेल.

साहेबानं दोन बोटं दाखवली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नऊ वर्षं पगार घेतला आणि गोल दोन! साहेबाला ते कळलं असावं. त्यानं एक बोट मिटलं आणि बाबूंना काहीतरी सांगितलं.

बाबू आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब म्हणते, त्यातला एक आपल्याच टीमवर झाला होता."

त्या दिवसापासून साहेब आमचा झाला.

* * *

आता रैनू कसा आला ते सांगतो.

टेकूची लाकडं घ्यायला साहेब ट्रक घेऊन अहेरीकडे निघाला. लाकूड पारखायला मला सोबत घेतलं. तिथं कोणाकडे तरी बंदूकवाले पाहुणे आले होते, वाघाचा हाका होता. साहेबालाही मचाणावर बसवलं. मी त्याच्या खालच्या फांदीवर.

हाक्यात ओरडणारे, ढोल बडवणारे मागून येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोन्ही बाजूंना झाडांवर काही माणसं गुपचूप बसलेली असतात. त्यांना रोक म्हणतात. वाघ बाजूनं निसटू लागला की रोकानं ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, हलायचं तर नाहीच. काठीनं झाडाच्या खोडावर नुसतं टक टक करायचं. बस! वाघ थांबतो, कान टवकारतो, आणि 'इकडून नाही' म्हणून वळतो. ओरडलं तर तो बिथरून अंगावर येतो.

आमच्या जवळच्या मोहाच्या झाडावर एक सडपातळ माणूस बसला होता. वाघ त्याच्याकडे आला. टक टक. वाघ वळला. पुन्हा आला. टक टक टक. पुन्हा वळला, आणि सरळ पाहुण्यांच्या समोरून चालत गेला. पाहुण्यांच्या बंदुका हातातच राहिल्या. वाघ आपल्या घरी गेला!

पण साहेबाचं वाघाकडे लक्षच नव्हतं. तो मचाणावरून उतरला, मोहाखाली धावला आणि त्या माणसाचा पाय धरून ओरडू लागला, "डिफेन्स! डिफेन्स!"

तो माणूस वाघाला घाबरला नव्हता. साहेबाला घाबरून दोन फांद्या वर चढला.

तो रैनू.

* * *

परत येताना ट्रकमध्ये साहेबानं मला हातवारे करून सांगितलं. मी त्याचा अर्थ असा लावला, की हेच शिकायला त्याला नऊ वर्षं आणि चार दात लागले. समोरच्याच्या मागे पळायचं नाही. आपण असं उभं राहायचं की तो आपणहून कडेला जाईल.

म्यानेजरपुढे रैनूला उभं केलं. म्यानेजरनं विचारलं, "हा गोल करतो?"

साहेब म्हणाला, "नहीं."

"जोरात पळतो?"

"नहीं."

"मग काय करतो?"

"खडा रहता है."

म्यानेजर म्हणाला, "असे माझ्याकडे आधीच पुष्कळ आहेत!"

तरी साहेबाच्या शब्दावर घेतला. पण अट घातली. टीममध्ये नाव आहे तोवर जमिनीवरचं काम, बत्तीघरात. तिथं खाली जाणाऱ्यांचे जाळीचे दिवे पुसायचे, तेल भरायचं, कुलूप लावून द्यायचे. टीममधून नाव कटलं, की दुसऱ्या दिवशी इतरांसारखं खाली उतरायचं.

रैनूनं विचारलं, "खाली म्हणजे कुठी?"

मी त्याला उताराच्या तोंडापाशी नेऊन दाखवलं. रुळाची वाट जमिनीच्या पोटात जात होती, पंधरावीस पावलांपुढे काळं. त्यानं एकदाच पाहिलं आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. सात वर्षांत तो माझ्या मागे उभा राहिला तो तेवढाच!

"काऊन रे?" मी म्हटलं. "वाघाले भेत नाई, अन् भोकाले भेतो?"

"भाऊ, वाघ मले दिसते. मी वाघाले दिसतो. खाली कोण कोणाले दिसते?"

मी, रोज खाली जाणारा माणूस, त्याला दंडाला धरून बत्तीघराकडे घेऊन गेलो. तो मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून होता, टीममधलं नाव कटू द्यायचं नाही. खाली जायचं नाही. आणि पुढं सगळी वर्षं तो बत्तीघरातच राहिला. एकदाच खाली गेला, ते शेवटी सांगतो.

* * *

पहिली मॅच बल्लारशाकडच्या एका टीमशी होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड केसांना तेल लावून, पायात बूट घालून आलेला. चेंडू घेऊन सुटला तो वाऱ्यासारखा. आमचे सगळे मागं पडले. मी पॅडवर हात आपटून तयार झालो.

रैनू अनवाणी उभा. हलला नाही. स्टिक जमिनीवर आपटली, टक टक.

फॉरवर्ड एकदम कोपऱ्याकडे वळला आणि चेंडू रेघेबाहेर!

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तर तो कोपऱ्यात जाऊन कुंपणाला लागला.

हाफटाइमला तो लिंबू चोखत माझ्यापाशी आला. म्हणाला, "भाऊ, तो तुमचा फुल बॅक काय करून राह्यला?"

"काईच नाई," मी म्हटलं.

"मग मी तिकडं काऊन जाऊन राह्यलो?"

* * *

त्याच मॅचचं पुढचं. शून्य-शून्य झालं. बाहेरून आलेल्या अंपायरनं शिट्टी मारली, सगळे चहा-भज्यांकडे पळाले. दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणालं, रैनू कुठं आहे?

रैनू गोलच्या पुढं, आपल्या जागेवर. एकटा. स्टिक हातात.

मी गेलो. "चाल ना बाबू, भजे थंडे होऊन राह्यले!"

"हाका उठला का?"

"उठला."

"कोणं उठवला?"

"अंपायरनं शिट्टी नाई का मारली?"

रैनू समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "भाऊ, तो पाहुणा आहे. माहा हाका त्यानं नाई लावला. ज्यानं लावला त्यानं उठवाचा असते. रोक आपल्या मनानं उतरला, तर मागचं माणूस मरते."

मी परत आलो, बाबूंना सांगितलं, बाबूंनी साहेबाला सांगितलं. साहेब हसला नाही. चहाचा कप खाली ठेवला, ग्राउंडवर गेला, गळ्यातली शिट्टी काढून एक लांब शिट्टी मारली. तेव्हा रैनू निघाला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक मॅचला शेवटी दोन शिट्ट्या व्हायच्या. एक सगळ्यांची, एक रैनूची.

भजी मात्र त्या दिवशी संपली होती.

* * *

बर्फाची गोष्ट रैनूला साहेबानं एकदा सावकाश सांगितली. मधे बाबू. तलाव गोठून दगडासारखा होतो. पायाला लोखंडी पातं बांधतात. चेंडू नसतो, रबराची चकती असते. एकमेकांना धडक दिलेली चालते.

रैनूनं सगळं ऐकून घेतलं. मग बाबूंना म्हणाला, "साहेबाले विचारा, त्यायच्या गावाले जंगल नाई का?"

साहेब म्हणाला, आहे. लय मोठं आहे.

"शिकार आहे?"

आहे.

"तलावात मासे?"

तेही आहेत.

"मग पायाले सुरी बांधून काऊन लढाचं?"

बाबूंनी इंग्रजीत विचारलं. साहेबानं डोकं खाजवलं.  दुसऱ्या दिवशी कामावर येऊन म्हणाला, "मैं रात को भी सोचा."

* * *

पुढं साहेबानं खोटे दात करून घेतले, आणि ते दात म्हणजे टीमचा एक वेगळाच मेंबर झाले.

मॅचमध्ये ओरडताना ते सुटायचे, म्हणून मॅचच्या आधी साहेब ते काढून मला द्यायचा. मी ते माझ्या पानाच्या डब्यात ठेवायचो आणि डबा गोलच्या खांबापाशी.

एकदा मॅच जिंकलो. म्यानेजर खुश होऊन ग्राउंडवर आला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "वा किसन! एक पान खिलाव!"

मी पॅड सोडत होतो. म्हटलं, घ्या ना साहेब, डबा तिथी आहे.

त्यानंतर म्यानेजरनं कोणालाच पान मागितलं नाही.

* * *

आता खोक्याचं सांगायला पाहिजे.

साहेबाच्या खेळात एक नियम होता. चूक केली की मैदानाबाहेर एका खोक्यात दोन मिनिटं बसायचं. तेवढा वेळ टीम एका माणसानं कमी. साहेबानं तो नियम आमच्याकडे आणला. बारुदाचं एक रिकामं लाकडी खोकं बत्तीघराच्या भिंतीला उलटं टाकलं. प्रॅक्टिसला कोणी चुकला, की साहेब बोट दाखवायचा, "दो मिनट!" आणि घड्याळ धरायचा. दोन मिनिटं झाली की शिट्टी.

साऱ्या खाणीनं ते उचललं. शिव्या दिल्या, जा खोक्यावर. उशिरा आला, जा खोक्यावर. एकदा अंपायर लोणारे बाबूंनी चुकीचा गोल दिला, तर साहेबानं त्यांनाच बसवलं. बाबू धोतर सावरत बसले आणि दोन मिनिटं झाल्यावर उठेनात. म्हणाले, "इथी सावली बरी आहे."

पण साहेब स्वतः कधी त्या खोक्यावर टेकत नसे. पाय दुखले तरी उभाच. एकदा मी विचारलं, "साहेब, बैठो ना."

त्यानं मान हलवली. बाबूंकडून सांगितलं ते असं. त्याच्या शेवटच्या मॅचला त्यानं एकाला उगीच धडक दिली आणि खोक्यात जाऊन बसला. त्याच दोन मिनिटांत त्याच्या रिकाम्या जागेतून गोल झाला आणि टीम हरली. पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावलं नाही. नऊ वर्षं संपली. तेव्हा त्यानं ठरवलं, खोक्यावर परत बसायचं नाही.

रैनू सगळं ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे साहेबानंबी जागा सोडली होती."

बाबूंनी हे इंग्रजीत सांगितलं नाही. मला वाटतं, साहेबाला तसंच कळलं.

* * *

एका पावसाळ्यात रैनूचा गुडघा सुजला. इतका, की जणू पायात भोपळा बांधला! तीन आठवडे चालता येईना. इकडे मॅच आलेली. आणि म्यानेजर म्हणाला, मी पाहायला येतो. फुल बॅक लंगडा असेल तर नाव कापा आणि सोमवारी खाली पाठवा.

रैनूच्या तोंडचं पाणी पळालं. रात्रभर पाल्याचा लेप लावून बसला. सकाळी मला म्हणतो, "भाऊ, मले गोलपर्यंत उचलून न्या. पुढचं मी पाहतो."

म्यानेजर यायच्या आधी मी आणि साहेबानं त्याला दोन्ही काखांत धरून नेलं आणि गोलच्या खांबाला टेकवून उभं केलं. साहेबानं चुन्यानं दोन रेघा मारून दाखवल्या, या दोन रेघांमध्ये तू.

मॅच सुरू झाली. टक टक. फॉरवर्ड वळला. टक टक. दुसरा वळला. तासभर रैनूनं डावा पाय जमिनीला टेकवला नाही.

म्यानेजर काही आंधळा नव्हता. साहेबाला म्हणाला, "तुमचा फुल बॅक जागचा हलत का नाही?"

साहेब छाती काढून म्हणाला, "नौ साल मुझको मेरा कोच यही बोलता था, मत हिलो! मैं नहीं सुना. ये सुनता है!"

म्यानेजरनं पेन खिशात ठेवलं. आम्ही शून्य-शून्य सुटलो.

* * *

रैनूला एक खोड होती. मी खालून वर आलो की दिवा परत घेताना रोज विचारायचा, "भाऊ, खाली कसं आहे?"

मी म्हणायचो, तुले काय कराचं आहे बाबू, तुले कुठी जाचं आहे?

"जाचं नाई, म्हणून विचारून राह्यलो. जाचं असतं तर पाह्यलं असतं."

मग मी बत्तीघराच्या पायरीवर बसून खडे मांडायचो. हा उतार. हा रूळ. उतरताना डाव्या हाताला पहिली वाट, दुसरी वाट, या चालू. तिसरी वाट जुनी, बंद. तिच्या आत दहा पावलांवर जमीन तुटते आणि पाणी भरलेलं आहे, तळ कोणी पाहिला नाही. त्याच्या पुढं आमचं काम. परत येताना त्या तिसऱ्या वाटेच्या तोंडाशी फाटा लागतो, तिथं दिव्यानं पाहून वळायचं. डावीकडे घर, उजवीकडे पाणी.

काही दिवसांनी तो स्वतःच खडे मांडायचा आणि मी चुकलो तर मला दुरुस्त करायचा!

बाकीचे चिडवायचे. "रैनू, इतकं पाठ केलं तर एक दिवस जाऊनच ये ना!"

"थुः!" रैनू म्हणायचा, आणि खडे उधळून द्यायचा.

* * *

आणि ही शेवटची.

हिवाळ्याचे दिवस. दुपारची वेळ, पाळी सुटायला थोडा अवकाश. वर ग्राउंडवर साहेब चुन्याच्या रेघा मारून घेत होता. बत्तीघरात रैनू दिवे पुसत होता, स्टिक शेजारी उभी. आम्ही आठ जण सगळ्यात आतल्या कामावर टेकू ठोकत होतो.

पलीकडच्या रिकाम्या झालेल्या भागातलं छत बसलं, धडाका वर बत्तीघरापर्यंत गेला. कोणाच्या अंगावर आलं नाही, पण त्याचा वारा असा आला की आम्ही सगळे जमिनीवर, आणि आठही दिवे एका फुंकरीत गेले. जाळीच्या दिव्याला कुलूप असतं. तो विझला की वर नेऊनच पेटवायचा.

अंधार म्हणजे काय ते तेव्हा कळलं. रैनू बरोबर म्हणत होता. कोणी कोणाला दिसत नव्हतं.

मी म्हातारा नव्हतो, पण आठांत थोरला होतो. सगळ्यांना म्हटलं, एकमेकांचा सदरा धरा. मी पुढं. एक हात भिंतीला. तोंडात धूळ, कानात घूं घूं. असे सरकत सरकत निघालो. कुठवर आलो ते कळेना. मग हाताखालची भिंत संपली. फाटा आला होता. पण वाऱ्यानं पडल्यापासून माझी दिशाच फिरली होती. घर कुठं, पाणी कुठं, काही सांगता येईना.

तेवढ्यात एका बाजूनं आवाज आला.

टक टक.

थांबून पुन्हा, टक टक टक.

माझ्या मागं गणपत होता, सगळ्यात तरणा, बायको पोटुशी. तो ओरडला, "माणूस आहे! तिकडं माणूस आहे! चाला!" आणि सगळे आवाजाकडे वळू लागले. मला सदऱ्यानं ओढू लागले.

मी पाय रोवले. सात वर्षं तो आवाज मी ऐकला होता. दुसरं काही शिकलो नसेन, तेवढं शिकलो होतो.

"तिकडं नाई," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूनं."

"किसनभाऊ, येडे झाले का! आवाज तिकून येऊन राह्यला!"

"म्हणूनच तिकडं नाई! तो रैनू आहे!"

"रैनू? तो मरन, पण खाली येणार नाई!"

"सदरा सोडू नको," मी म्हटलं, आणि आवाजाकडे पाठ करून चालू लागलो. गणपत रडत होता, शिव्या देत होता, पण सदरा सोडला नाही. दहा पावलं. वीस. पायाला रूळ लागला. चढ लागला. पुढं दिव्यांचा पुंजका दिसला, वरून माणसं आम्हाला शोधायला उतरत होती.

उन्हात आलो. लोणारे बाबूंनी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठ.

मी म्हटलं, "अन् रैनू?"

बाबू म्हणाले, "तो बत्तीघर उघडं टाकून कुठी पळाला कोण जाणे!"

मी हात वर केला. सगळे गप्प झाले. उताराच्या तोंडातून, खोल खालून, बारीक आवाज येत होता.

टक टक. टक टक टक.

चार जण दिवे घेऊन खाली धावायला निघाले. साहेबानं त्यांना हातानं अडवलं. तोंडाशी जाऊन उभा राहिला. गळ्यातली शिट्टी काढली आणि एक लांब शिट्टी मारली.

टकटक थांबली.

आम्ही वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं रैनू वर आला. अनवाणी. केसांपर्यंत काळा, तिसऱ्या वाटेच्या काठच्या पाण्यानं गुडघ्यांपर्यंत ओला. खांद्यावर स्टिक. उन्हात डोळे बारीक करून त्यानं आधी मला पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांना.

बाबू पुढं झाले. म्हणाले, "अरे, ओरडाचं होतं ना!"

"रोकानं ओरडाचं नसते."

"अन् दिवा? बत्तीघरचा माणूस तू, शंभर दिवे तुह्या हाताशी! दिवा काऊन नाई नेला?"

रैनूनं आपल्या हाताकडे पाहिलं. त्याला खरंच तेव्हाच कळलं असावं. "घाईत हेच हाती आलं," तो म्हणाला.

म्यानेजर गर्दीतून पुढं आला. घाम पुसत म्हणाला, "पण हा तर टीममध्ये आहे! याला खाली कोणी पाठवलं?"

 सगळ्यांनी साहेबाकडे पाहिलं.

साहेबाचा चेहरा दगडासारखा. त्यानं रैनूकडे बोट केलं, मग बत्तीघराच्या भिंतीकडे. "जगह छोडा," तो म्हणाला. "दो मिनट!"

रैनूनं मान खाली घातली. मुकाट्यानं गेला आणि खोक्यावर बसला. स्टिक मांडीवर. 

साहेब घड्याळ हातात धरून उभा राहिला. थोड्या वेळानं घड्याळ खिशात टाकलं. तोंडातले दात काढून माझ्या हातात दिले. सावकाश चालत खोक्यापाशी गेला आणि रैनूला म्हणाला, "थोडा सरको."

खोकं एकाचंच होतं. तरी दोघं बसले.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. पाळीचा भोंगा होऊन गेला. कोणी उठेना, आणि आम्हालाही त्यांना उठवता येईना. शिट्टी साहेबाच्याच गळ्यात होती.